गाठींना खायला घालताना

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घशाचा कॅन्सर झाला तेव्हा मी पुण्यात कॅन्सरच्याच पेशी वाढवत होते. नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं. बावड्याला आमच्या घरी आबांना कुणी खरं सांगितलं नव्हतं. "घशाला सूज हाय," एवढंच. मला या खोटेपणाचा भयंकर संताप यायचा, आणि मीही तेच बोलायचे.

माझं काम असं : त्या पेशी एका बशीत सपाट पसरून वाढवायच्या, आणि दुसऱ्या बशीत त्यांचे खसखशीएवढे गोळे होऊ द्यायचे. गोळ्याच्या पोटात प्राणवायू पोचत नाही. मग आतल्या पेशी एक द्रव्य सोडतात. शरीरात असं झालं, की त्या द्रव्यामुळं रक्तवाहिन्या वाढत वाढत गाठीपर्यंत येतात. सपाट पेशींपेक्षा गोळे ते द्रव्य किती जास्त बनवतात, हे मी मोजत होते. दर दोन दिवसांनी त्यांचं खाद्य बदलावं लागे. चुकलं, की महिन्याभराचं काम मातीत.

आबांना मी फक्त एवढंच सांगितलं होतं, की मी बारीक बारीक जिवंत गाठी पाळते. आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. पाळायचा विषय निघाला की आबा सावरून बसायचे.

शेवटी शेवटी चमच्यानं दिलेलं दूधही बाहेर यायला लागलं. मी आता हलायचं नाही असं ठरवूनच घरी आले. दुसऱ्या दिवशी आबांनी विचारलं, "तुझ्या गाठींना कोण घालतंय खायला?"

"कुणी न्हाय. मरू देत."

"असं कसं? आपल्या जिवावर हाईत त्या. जा, घालून ये."

"आबा, मी न्हाय जायची!" मी चिडलेच.

आबांनी मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "उपाशी ठिवल्यावर मरत्यात व्हय त्या?"

"व्हय."

"मंग माझ्या गळ्यातली का मरंना? धा दिस झालं, माझ्या पोटात काय न्हाय."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मला रडूच फुटलं. गाठ उपाशी राहत नाही, ती माणसाचंच रक्त स्वतःकडं ओढून घेते. हे मी रोज मोजत होते, पण आबांना सांगायला तोंड उघडेना. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "रडू नगं. जा, काम बिघडवू नगं."

मी एसटीनं भिगवण गाठलं, तिथून रेल्वेनं पुणं. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्या बशा झाल्या असतील, तेवढ्यात भावाचा फोन आला. आबा गेले.

पिशवी उचलून तशीच पळायला हवं होतं. पळाले नाही. घालून ये म्हणाले होते ना? डोळ्यांना धड दिसत नव्हतं, तरी उरलेल्या सगळ्या गाठींना खायला घातलं आणि मगच निघाले. बावड्याला पोचले, तेव्हा माझी वाट बघून बघून आबांना नेलं होतं.