ईनबाई क्युबेकात

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका, चौथीनंतर पेन फारसं हातात आलं नाही. पण माझ्या ईनबाईंएवढी मानी आणि आग्रही बाई अख्ख्या मराठवाड्यात दुसरी नाही, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

ईनबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. त्या जळकोटच्या, आम्ही हदगावचे. त्यांच्याकडे जेवायला बसलेल्याने पोट भरलं म्हटलं की त्यांना ते खोटंच वाटतं. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो, तर त्या बोटांच्या फटीतून वरण सोडतात. आणि स्वतः दुसऱ्याच्या घरी गेल्या की सगळं उलट. तीनदा आग्रह झाल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घ्यायच्या नाहीत. सोयरीक ठरवायला आल्या तेव्हा माझ्या मालकांनी एकदाच चहाचं विचारलं, त्या ‘नको’ म्हणाल्या आणि मालकांनी ते खरं धरलं. लग्नापर्यंत त्या भेटेल त्याला सांगत होत्या, “पाव्हणे चांगले हायेत, पण चहाला हात आखडता हाय.” शेजारणीकडे त्यांनी कधी विरजणसुद्धा मागितलं नाही. मागून आणलेल्याचं दही गळ्याखाली उतरत नाही म्हणतात.

लेक-जावई कॅनडात राहतात. लेकीला दिवस गेले म्हणून आम्ही दोघी तिकडं गेलो. विमानात शेजारच्या गोऱ्या माणसाला त्यांनी “माझी आण हाय तुला” म्हणून शेंगदाण्याची चटणी खायला लावली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “बघा, आय आठवली लेकराला,” त्या मला म्हणाल्या.

पुढे जावयांनी आम्हाला समुद्र दाखवायला गाडी काढली. वाटेत क्युबेक नावाचं शहर लागलं, तिथं सगळा कारभार फ्रेंच भाषेत. दगडी घरांच्या एका चढावर गाडी बंद पडली. सणाचा दिवस, दुकानांना कुलपं. जावई गॅरेज शोधायला गेले आणि आम्ही तिघी एका घराच्या पायरीवर बसलो. तेवढ्यात लेकीला घेरी आली. सकाळपासून तिच्या पोटात काही ठरलं नव्हतं. आमच्याजवळ धपाटे होते, पण त्यांच्या तेलाचा वास तिला सोसेना. तिचे ओठ पांढरे पडले.

एवढ्यात आमच्या पाठीमागचं दार उघडलं. एप्रन बांधलेली एक म्हातारी बाई तबकात गरम सूप आणि पाव घेऊन आली आणि तिच्या भाषेत काहीतरी गोड बोलली. ईनबाईंनी सवयीनं हात हलवला. “न्हाई न्हाई, कशाला तकलीफ!”

बाई हसली, मान हलवली आणि तबक घेऊन आत गेली. दार लागलं.

“येतीच आता,” ईनबाई म्हणाल्या. पदर सावरून नीट बसल्या. दार काही उघडेना, तशा मला म्हणाल्या, “ईनबाई, ही तर गेली की वो!”

लेक डोळे मिटूनच सासूला म्हणाली, “आत्या, इथं एकदाच विचारतात. नको म्हटलं की नकोच.”

“मंग मनातलं कसं वळखतेत ही माणसं?”

मी उठायला हवं होतं. लेक माझी. पण अनोळखी दारावर थाप मारायची, आणि बोलायचं काय, या विचारानंच मी पायरीवर बसून राहिले. ईनबाईंनी एकदा सुनेच्या तोंडाकडं पाहिलं आणि उठल्या. कधी कुणापुढं हात न पसरलेल्या त्या बाईनं दार वाजवलं. बाई बाहेर आली तशी तिच्यापुढं दोन्ही हातांनी पदर पसरला.

“माय, चुकलं माझं. सून दोन जिवाची हाय. दे ते.”

बाई त्या पदराकडं बघतच राहिली. मग तिनं आमच्याकडं पाहिलं, पायरी उतरली आणि लेकीला हाताला धरून आत नेलं. कोचावर निजवलं, पायाखाली उशी दिली, चमच्यानं सूप पाजलं. थोड्या वेळानं लेकीच्या गालावर रंग आला. आणखी पाव मिळेल का, असं तिनं खुणेनं विचारलं तेव्हा मला रडू फुटलं. बाईनं ईनबाईंपुढं वाटी केली, तर ती पुरती टेकायच्या आतच ईनबाई म्हणाल्या, “घेते!”

निघताना त्यांनी त्या बाईच्या एप्रनमध्ये धपाटे आणि चटणीची ओटी भरली. बाई ‘नों, नों’ करत मागे सरली. ईनबाई पुढं. बाईनं पुन्हा हात आडवा केला, ईनबाईंनी तो बाजूला सारला. शेवटी बाईनं हसत एप्रन पुढं धरला.

“हां, आता कशी माणसात आली!” ईनबाई खूश होऊन म्हणाल्या.

गाडी दुरुस्त होऊन आम्ही निघालो. लेक सासूच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी पुढच्या सीटवरून मागे वळून म्हटलं, “ईनबाई...”

“काय वो?”

“काही नाही.”

आता त्या जळकोटात, मी हदगावात, आणि लेक नातीला घेऊन तिकडंच. फोनवर आमचं पाऊसपाणी, सोयाबीन, दुखणंखुपणं सगळं बोलून होतं. त्या दिवशी गाडीत जे म्हणायचं होतं, ते मात्र अजून तोंडातून निघत नाही. म्हणून इथं लिहिलं.