दादाच्या नावावरची गाडी

तिला सगळे कात्रीताई म्हणायचे. जी म्हातारी-आजारी माणसं सलूनपर्यंत जाऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन ती केस कापायची. पडल्यापडल्या डोकं धुता यावं म्हणून मानेपाशी खाच असलेला मोठा रबरी टब, घडीची खुर्ची, ड्रायर, धुतलेल्या चादरी, एवढा संसार घेऊन हिंडायचं. हे सगळं बसमध्ये चढवायला गेलं की आधी ड्रायव्हर ओरडायचा, मग प्रवासी.

त्यामुळे तिच्या जुन्या खटारा गाडीनं एकदाची मान टाकली, तेव्हा धंद्यानंही टाकली. लांबची घरं एकेक करून सुटायला लागली. एक बाई तर फोनवर रडल्या. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या, पण केस नीट झाले की आरसा मागून घ्यायच्या. "तू नाही आलीस तर मला माणसात कोण आणणार गं?" म्हणाल्या.

गाडी हवी होती, जुनी चालेल पण भरवशाची. आणि कर्ज कोणी देईना. क्रेडिट स्कोअर पार तळाला. आता तिनं काही उधळपट्टी केली नव्हती. दादानं रंगाचं दुकान काढलं, तेव्हा 'कर्ज तुझ्या नावावर काढ, मी फेडतो' म्हणाला, आणि बहिणीनं डोळे झाकून सही केली. दुकान बुडालं, दादानं हात वर केले. तिनं पोटाला चिमटा घेऊन सगळं फेडलं, पण उशिरा. दादाचं नाव कोरं करकरीत राहिलं, आणि हिच्या नावाला डाग लागला तो लागलाच. कर्जाच्या कचेरीतला टायवाला साहेब स्क्रीनकडे बघून नुसता चुकचुकला.

तेव्हा दादाच धावून आला. "गाडी माझ्या नावावर घेऊ. हप्ते तू दे. फिटलं की तुझ्या नावावर करून टाकतो. आपण काय परके आहोत, लिहूनबिहून घ्यायला?"

तिला भरून आलं. जुनी चूक मनाला लागलीय याच्या, असं तिला वाटलं. मला विचाराल तर त्याला काडीचंही लागलं नव्हतं. पण मला कोण विचारतो!

एका निवृत्त मास्तरांची गाडी मिळाली. मिस्त्री गाडीखाली आडवा झाला, इंजिनाला कान लावला, हात पुसत म्हणाला, "रंग उडालाय, पण ही तुम्हाला रस्त्यात सोडणार नाही, ताई." गाडीनं त्याचा शब्द राखला. कात्रीताई पुन्हा लांबच्या घरी जायला लागली. अंगात ताप असला तरी काम चुकवलं नाही, आणि दर महिन्याला दादाच्या खात्यात पैसे टाकायचं तर कधीच नाही.

शेवटचा हप्ता गेला. त्यानंतर दादाला सवड होईना. आज पाठ दुखते, उद्या पाहुणे. शेवटी ती स्वतःच कचेरीत गेली, नाव बदलायला काय काय लागतं ते विचारायला.

टायवाल्यानं तिला ओळखलं. "तुमचे दादा म्हणजे एक नंबर माणूस! एकही हप्ता मागेपुढे नाही. म्हणून तर त्याच गाडीवर त्यांना लगेच नवीन कर्ज दिलं. बोलले नाहीत?"

हिनं घाम गाळायचा आणि नाव त्याचं व्हायचं! केसानं गळा कापणं म्हणतात ते हे, आणि हिचा तर धंदाच केसांचा. तिथं तिला हसूही आलं, इतकं ते झोंबलं.

ती तशीच दादाकडे गेली. तिला बघताच वहिनी स्वयंपाकघरात शिरली. म्हणजे वहिनीलाही माहीत होतं.

"अगं, पोराच्या घराला थोडे कमी पडत होते," दादा म्हणाला. "गाडी तुझ्याकडेच आहे ना? हप्ताही पूर्वीएवढाच. तुला काय जड?"

"मीच भरायचा?"

"तू कधी चुकवणार नाहीस, याची खात्री होती मला. म्हणून तर घेतलं."

तो हे कौतुकानं म्हणाला. दारोदार हिंडली तरी जी पत कोणाला दिसली नव्हती, ती एकट्या दादाला दिसली होती, आणि त्यानं ती गहाण टाकली होती. खाली जाऊन तिनं डिकीतून टब काढला, खुर्ची काढली, चादरी काढल्या. आरशावाल्या बाईंची आठवण आली तेव्हा हात क्षणभर थांबला. मग वर येऊन किल्ली त्याच्यासमोर ठेवली.

"अगं, चिडतेस काय! गाडीशिवाय कामाला जाशील कशी? आणि हप्ता कोण भरणार?"

"नाव ज्याचं, त्यानं भरायचं, दादा. मागच्या वेळी मी भरलंच की."

एवढं बोलून ती उतरली आणि टब खांद्यावर मारून बसच्या थांब्याकडे निघाली.