सूर्याचा आळ नवऱ्यावर

माझी धाकटी जाऊ सूर्यावर पाळत ठेवण्याची नोकरी करायची. वस्तीपलीकडच्या मैदानात एक मोठी लोखंडी तबकडी होती. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत सूर्याच्या दिशेने फिरत राहायची आणि त्याच्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडायची. शेजारच्या खोलीत कागदाच्या पट्टीवर एक पेन त्यांची रेघ काढायचं. सूर्य शांत असला की रेघ सरळ. तिथे उद्रेक झाला की पेन उसळायचं, आणि मग जावेने ताबडतोब मुख्य केंद्राला फोन करायचा, म्हणजे विमानांना आणि जहाजांना रेडिओ बिघडण्याची सूचना मिळे. ढगांमुळे रेडिओ लहरी अडत नाहीत, त्यामुळे पावसाचीही सुट्टी नाही. संध्याकाळी आमच्याकडे डोकावली की मी विचारायची, "काय म्हणतोय सूर्य?"

"गप्प आहे, वहिनी. अगदी भाऊजींसारखा," असं म्हणून ती माझ्या नवऱ्याकडे बघायची. तो वर्तमानपत्रातून डोकंही वर काढत नसे.

तिचा नवरा, म्हणजे माझे धाकटे दीर, वेल्डिंगचं काम करायचे. त्यांचं वर्कशॉप आमच्या मागच्या अंगणाला लागून, मैदानाच्या अलीकडे. वेल्डिंगच्या ठिणगीतूनही रेडिओ लहरी निघतात आणि तबकडीला त्याही ऐकू येतात. म्हणून लग्न ठरतानाच जावेने अट घातली होती: दिवसा लोखंड कापा, वाकवा, घासा, जोडकाम मात्र सूर्य मावळल्यावर. दिरांनी ती पाळली. गिऱ्हाइकं कुरकुरायची, काही सोडूनही जायची.

त्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. वर्कशॉपमध्ये शाळेचे व्यवस्थापक दिरांशी हुज्जत घालत होते. त्यांना शाळेचं मोठं फाटक घाईने हवं होतं.

"दिवसा दोन तास मशीन लावलंत तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"दिवसा मी लावत नाही, साहेब. घरात शब्द दिलाय."

इतक्यात जाऊ सायकलवरून आली. सायकल कुंपणाला टेकवली, ती पडली, तिने वळूनही पाहिलं नाही.

"अहो, लाज वाटते का? सगळी पट्टी काळी करून टाकलीत! फाटकासाठी मशीन लावलंत ना शेवटी?"

व्यवस्थापक दिरांकडे वळले. "अच्छा! म्हणजे दिवसा लावता तर. मग मलाच का टोलवत होता?" असं म्हणून उत्तराला न थांबता ते निघून गेले.

"मी मशीनला हात लावलेला नाही," दीर म्हणाले.

"खोटं बोलू नका. पेन पार कडेला जाऊन धडकतंय!"

"अगं, तुमच्या मैदानाची लाइन वेगळी, पण गल्लीत सकाळपासून वीज नाही. वहिनींना विचार."

मी मान हलवली. जावेचा चेहरा पडला. "मग... अगं बाई, म्हणजे सूर्यच आहे!" ती तशीच पळत सुटली, सायकल तिथेच टाकून.

जावेच्या कामाचा एक साधा नियम होता. शंका आली की तबकडी सूर्यावरून बाजूला वळवायची. पेन शांत झालं तर लहरी सूर्याच्या, उसळतच राहिलं तर आसपासच्या. तिला शंकाच आली नव्हती, कारण फाटकाची घाई तिला ठाऊक होती. केंद्राला सूचना उशिरा गेली. केंद्रातल्या साहेबांनी कारण विचारलं तेव्हा तिने सरळ सांगितलं, "मला वाटलं, नवरा आहे." केंद्रात बरेच दिवस उद्रेकाला 'नवरा' म्हणत होते.

इकडे व्यवस्थापकांनी काम काढून घेतलं. खोटं बोलणाऱ्याशी व्यवहार नको, म्हणाले. फाटकाच्या कापलेल्या सळया अंगणात पडून राहिल्या आणि दीर जेवायला आमच्याकडे येऊ लागले.

"भावजी, किती दिवस हा रुसवा?" मी एकदा विचारलं. "ती सॉरी म्हणाली ना?"

"स्वयंपाकघरात म्हणाली. आळ कुठे घेतला होता? गिऱ्हाइकासमोर."

मी ते तिच्या कानावर घातलं. ती चिडली, "एवढा मोठा मान?" पण दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली आणि व्यवस्थापकांना घेऊन थेट मैदानात आली. मलाही साक्षीला बोलावलं. साहेबांची परवानगी काढून तिने तबकडी सूर्यावरून बाजूला वळवली. रेघ सरळ झाली. मग तिने वर्कशॉपला फोन लावला.

"अहो, मशीन लावा. एकदाच."

पलीकडून दिरांचा आवाज मलाही ऐकू आला, "दिवसा?"

"हो, मी सांगतेय."

पेन ताडकन उसळलं. व्यवस्थापक दचकून मागे सरकले.

"एवढ्या लांबून?"

"एवढ्या लांबून. हे दिवसा मशीन लावत असते, तर मला रोज कळलं असतं. त्या दिवशी सूर्याचा उद्रेक होता. खोटं ते बोलले नव्हते, चूक माझी होती." फोन तिच्या हातात चालूच होता.

व्यवस्थापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ठीक आहे. फाटक त्यांनाच करू दे. मावळतीनंतर करा म्हणावं. पण बाई, ते पेन अजून एकदा उडवून दाखवाल का?"

जावेने फोन कानाला लावला. "ऐकलंत?"

"ऐकलं. त्यांना सांग, एकदा म्हणजे एकदाच," दीर म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.