ज्युदोवाल्या पोरीचा पासपोर्ट

खून-दरोड्यांचे तपास केले ते केले, पण फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा तो पासपोर्ट काही माझ्या डोक्यातून जात नाही. तेव्हा माझ्या निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं.

सोळा वर्षांची पोरगी. ताश्कंदला मुलींच्या आंतरराष्ट्रीय ज्युदो स्पर्धेसाठी तिची निवड झालेली. विमानाला अठरा दिवस होते आणि तिचा बाप पासपोर्ट चोरीला गेल्याची तक्रार घेऊन ठाण्यात उभा. संशय कोणावर, विचारलं, तर खाली मान घालून कोणावरच नाही म्हणाला. पोरीचे डोळे रडून सुजले होते. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली.

दुसऱ्या दिवशी निनावी फोन. निवड चाचणीत हरलेल्या मैत्रिणीला विचारा, ती त्या घरी येते-जाते. आता मत्सर हे कारण पोलिसाला झटकन पटतं. अल्पवयीन मुलीला ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून महिला शिपायाला घेऊन तिच्या घरी गेलो आणि आईसमोर फिरवून फिरवून विचारलं. पोरगी काही डगमगली नाही.

"साहेब, मले तिले मॅटवर पाडाचं आहे," ती म्हणाली. "तेच घरी बसली त मी पाडू कोणाले?"

इतका सरळ जबाब मला क्वचितच मिळाला असेल. मी वरमून जीपमध्ये येऊन बसलो.

मग बापाची ती खाली घातलेली मान आठवली आणि त्याच्याच घराची झडती घेतली. लोखंडी पेटी उघडली. आधार कार्ड, सातबारा, पोरीची प्रमाणपत्रं, अहो, विजेचं बिलसुद्धा लॅमिनेशन केलेलं! माझी ट्यूब पेटली. तडक फुलसावंगीतला झेरॉक्सवाला गाठला. त्याने कबूल केलं: पासपोर्टच्या फोटोच्या पानाला प्लास्टिक मारताना मशीनमध्ये पान सुरकुतलं, आणि असा पासपोर्ट विमानतळावर चालत नाही, हे दुकानातल्याच कुणीतरी नंतर बापाला सांगितलं.

बापाने गोठ्यातल्या कुटारातून, म्हणजे गुरांच्या भुशाच्या ढिगातून, पासपोर्ट काढून दिला.

"मले वाटलं, टिकन. चांगलं कराले गेलतो, साहेब. चोरीच राहू द्या ना. कोणत्या तोंडानं सांगू तिले?"

मलाही वाईट वाटलं. पण खोट्या नोंदीवर नवा पासपोर्ट मागितला असता तर पोरगीच अडकली असती. खोट्या तक्रारीबद्दल त्याला सणसणीत दम दिला, खरा जबाब लिहून घेतला आणि आधी पोरीला सांग म्हटलं. त्याने माझ्यासमोरच सांगितलं. पोरीने ते सुरकुतलेलं पान बोटाने एकदा सपाट करून पाहिलं.

"चाल बा," मग म्हणाली, "नागपूरची गाडी पकडू."

नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयात अर्ज गेला आणि पडताळणीचे कागद मी स्वतः पळवले. निघायला तीन दिवस उरले असताना नवा पासपोर्ट आला. त्या मैत्रिणीच्या घरी जाऊन मी माफीही मागितली.

यवतमाळच्या बसस्थानकावर निरोपाला गेलो होतो. बुटाची नाडी बांधायला वाकताना पोरीने पासपोर्ट बापापुढे धरला. त्याने दोन्ही हात मागे घेतले.

"नको. माह्या हाताचा भरोसा नाही."

तिने त्याचा हात ओढून पुढे आणला, त्यावर पासपोर्ट ठेवला आणि गाडी लागेपर्यंत परत घेतला नाही.

ताश्कंदला ती दुसऱ्या फेरीत हरली. मी मात्र त्या बसस्थानकावर एक गोष्ट शिकलो. उभी नोकरी मी चुकलेल्या माणसांना पकडत आलो, पण पकडल्यावर त्यांच्या हातात पुन्हा काही द्यावं, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.