शेवटचं पाणी

आमचा कारखाना म्हणजे न्हावा शेव्याच्या रस्त्यावरचा एक पत्र्याचा गाळा. भंगारातल्या कॉम्प्युटरमधली लोहचुंबकं तिथं येतात आणि त्यांतला निओडिमियम हा दुर्मिळ धातू आम्ही वेगळा काढतो. जुन्या रीतीनं त्याला जहाल आम्ल आणि पिंपंच्या पिंपं रॉकेल लागतं. लिंबात असतं त्या साध्या आम्लानं हे काम होईल, असा हट्ट मी धरून बसले होते. पण धातूबरोबर लोखंडही उतरायचं आणि माझी भुकटी दर वेळी पिवळट निघायची. शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, "सोमवारपर्यंत बघ. नाही तर रॉकेल मागवते."

त्या रॉकेलचं सांडपाणी कुठं जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. गाळ्यामागची खाडीच पुढं आमच्या मिठागरात येते.

रविवारी घरी माझं तोंड पाहून बाबांनी विचारलं. त्यांचा जन्म मिठागरात गेलेला. मी सांगितलं, द्रावण तापवून आटवते, धातूचे खडे तळाशी बसतात.

"किती आटवतंस?"

"पार कोरडं होईपर्यंत. एक कण वाया जाऊ देत नाही."

बाबा हसायलाच लागले. "मिठागरवाल्याची पोर ना गो तू? शेवटचा पानी सोडून द्याचा. त्याची हाव धरली का मीठ कडू होनारच."

मीठ आधी बसतं, कडू क्षार मागून येतात, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. माझं लोखंडही तसंच शेवटच्या पाण्यातून येत असणार. एवढी शिकले आणि नेमकं हेच विसरले. मला माझाच भयंकर राग आला.

सोमवारी पाव हिस्सा पाणी उरलं तेव्हाच मी आच बंद केली. वरचं पिवळं पाणी हलकेच ओतून पुढच्या घाण्यासाठी ठेवलं, टाकलं नाही. तळाचे खडे धुऊन दारात उन्हात धरले, तर जांभळट गुलाबी, निओडिमियमचा खरा रंग! तपासणीच्या यंत्रानंही लोखंड नावापुरतंच दाखवलं. मी गाळ्यात चक्क नाचले. मालकीणबाईंनी माझ्यासमोरच फोन करून रॉकेल नको म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी बाबा बघायला आले. त्यांनी चिमूटभर खडे उचलले आणि सवयीनं थेट जिभेकडे नेले. मी झटकन हात धरला.

"न चाखता कसा कलनार, कडू हाय का न्हाय?"

"कडू न्हाय, बाबा," मी म्हटलं. "शेवटचा पानी सोडला मी."