साळवे सरांच्या तक्त्यातल्या लाल ओळी

यशवंत साळवे सरांकडे मी प्रथम गेले ते जरा तोऱ्यातच. कॉम्प्युटरची पदवी नुकतीच हातात आली होती, नोकरी मिळत नव्हती आणि नागापूरच्या एका कारखान्यातून तपासणी विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ सावेडीतल्या आपल्या घरी दर रविवारी स्टेकिंगचे मोजमाप शिकवतात, असे कळले होते. सरांनी पहिल्याच दिवशी मला वहीत हाताने भागाकार करायला बसवले. उत्तर चुकले, म्हणून मी पान हाताने झाकले. सर हसून म्हणाले, "शिंगणापूरची ना तू? तुमच्याकडं घराला दार नसतं, अन् तू वही झाकतेस?" मलाही हसू आले आणि तोरा तिथेच उतरला.

सरांच्या या गौरवग्रंथाच्या सर्वच वाचकांना हा विषय परिचयाचा नसेल, म्हणून सरांच्याच पद्धतीने सांगते. काही डिजिटल नाण्यांची जाळी कोणा एका बँकेच्या हाती नसतात. व्यवहार खरे की खोटे हे तपासणारी यंत्रे ठिकठिकाणी चालू असतात, त्यांना व्हॅलिडेटर म्हणतात. लोक आपली नाणी अशा एखाद्या व्हॅलिडेटरच्या भरवशावर अडकवून ठेवतात, यालाच स्टेकिंग म्हणतात. काम चोख झाले की जाळे नवी नाणी बक्षीस देते. जाहिरातीत या बक्षिसाचा दर फार गोड दिसतो. सर म्हणत, आधी व्हॅलिडेटरचे कमिशन काढा, यंत्र बंद राहिले ते दिवस काढा, मग सगळ्या जाळ्यात मिळून किती नवी नाणी निघाली ते बघा. तुमची नाणी वाढली आणि सगळ्यांचीच तेवढी वाढली, तर तुमचा वाटा होता तेवढाच राहिला.

आणि सर्वांत महत्त्वाचे, जे व्हॅलिडेटर वर्षाच्या मध्येच बंद पडले, त्यांची ओळ तक्त्यातून काढायची नाही. ती लाल रंगात शेवटपर्यंत राहिली पाहिजे आणि सरासरीत धरली गेली पाहिजे. ही सवय कारखान्यातली. तिथे सरांच्या मापनकक्षात एक फळी होती. मापात न बसलेला तुकडा त्यावर लाल रंग लावून, तारीख घालून ठेवत. कामगाराचे नाव मात्र सर कधी लिहू देत नसत. मी एकदा कारण विचारले, तर म्हणाले, "नाव लिहिलं की पुढच्या खेपेला माणूस तुकडाच लपवतो. मला तुकडा पाहिजे, माणूस नको."

दर महिन्याला आम्ही विद्यार्थी सरांच्या हाताखाली अशा मोजमापाचे एक पत्रक काढत असू. खाली सरांची सही असे. नागापूरचे निवृत्त कामगार ते आवडीने वाचत, पुण्या-मुंबईची जाणती मंडळीही मागवून घेत. मी दमून आले की सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आधी ताटावर बसवत आणि सर तोवर संगणकाला हात लावू देत नसत. एवढी माया मला त्या घराने लावली.

त्या घरात मी काय केले ते आता सांगायला हवे. एका महिन्यात बरेच व्हॅलिडेटर बंद पडले होते. दुसऱ्या दिवशी पुण्यात माझी मुलाखत होती आणि तिथे मला हेच पत्रक दाखवायचे होते. लाल ओळींनी आलेख ओबडधोबड दिसत होता. मी त्या ओळी काढून टाकल्या. आलेख सुरेख झाला, सरासरी दर वर चढला. सरांनी माझ्यावर विश्वास टाकून सही केली.

पुढे काही महिन्यांनी सरांचे जुने सहकारी बबनराव आले. त्यांनी ते पत्रक वाचून आपली नाणी अडकवली होती आणि त्यांचा व्हॅलिडेटर मध्येच बंद पडला होता. आवाज न चढवता ते म्हणाले, "सायेब, तुमच्या कागदावर लई दिसत हुतं. पदरात तेवढं न्हाई आलं."

सरांनी दोन दिवस बसून सगळे पुन्हा मोजले. मग मला विचारले, "बंद पडलेल्यांच्या ओळी कुठं गेल्या?" मी म्हणाले, प्रोग्रॅममधून गळाल्या असतील. सर वही मिटून "असेल" म्हणाले. पुढच्या पत्रकात पहिल्याच ओळीत त्यांनी छापले, 'मागच्या एका मोजमापातली चूक माझी आहे.' खाली त्यांची सही. माझा उल्लेखही नव्हता.

त्यानंतर वाचक गळत गेले. एका परिषदेने सरांना दिलेले भाषणाचे निमंत्रण रीतसर कळवून मागे घेतले. वर्षाच्या आत पत्रक बंद पडले. मला मात्र पुण्यातच दुसऱ्या एका ठिकाणी नोकरी लागली. तिच्यासाठी सरांनीच शिफारसपत्र दिले होते, आणि तेही त्या दुरुस्तीनंतरच्या आठवड्यात. ते पत्र घेताना मला बोलता आले असते. मी नमस्कार केला आणि निघाले. त्या नमस्काराची आजही लाज वाटते.

गौरवसमितीने मला सरांच्या कार्याचा परिचय वाचायला पाठवला आहे. त्यात एक वाक्य आहे, 'एका पत्रकात त्यांच्याकडून गंभीर चूक झाली, ती त्यांनी मोठ्या मनाने मान्य केली.' समितीला विनंती आहे की ते वाक्य काढावे. सरांचे मोजमाप कधीच चुकले नव्हते. त्यांनी फक्त फळीवरच्या तुकड्यावर कामगाराचे नाव लिहू दिले नाही.

सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची प्रकृती उत्तम राहो, काकूंच्या सोबतीने त्यांना शंभरी गाठता येवो, आणि सावेडीतला तो रविवार पुन्हा भरो, ही मनापासूनची इच्छा. बोलावले तर मी पहिली येईन. नाही बोलावले तरी समजेन.

सर, तुमचा नियम आज एकदाच मोडते. त्या लाल तुकड्यावर नाव लिहिते आहे, वैशाली शिंदे.