दुपारच्या खेळाची सुरुवात

आमचे बाबा थेटरात डोअरकीपर. सगळे त्यांना ‘बॅटरी’ म्हणतात, कारण हातातली बॅटरी ते जेवतानाही खाली ठेवत नाहीत. उभा जन्म थेटरात गेला, पण एकाही सिनेमाची सुरुवात त्यांनी पाहिलेली नाही. तेव्हा ते उशिरा येणाऱ्यांना खुर्च्या दाखवत असतात.

त्या उन्हाळ्यात तर उन्हानं कहरच केला. चपला डांबराला चिकटत होत्या, आणि रात्रीसुद्धा भिंतीला पाठ टेकवत नव्हती. दुपारच्या खेळाला थेटर भरायला लागलं. सिनेमा भिकार होता, पण तो बघायचा होता कुणाला? लोक गार हवेसाठी तिकीट काढायचे आणि दिवे गेले की झोपायचे. पडद्यावर बंदुका उडायच्या आणि त्यांचा निळा उजेड झोपलेल्या चेहऱ्यांवरून हळूहळू सरकायचा. बाबा रांगांमधून पावलं न वाजवता फिरायचे.

त्यांचा जीव मात्र आत्यात अडकलेला. आत्या त्यांची थोरली बहीण. शर्टांना काज-बटणं करते, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत एकटी राहते. शेजारच्या तसल्याच खोलीतला म्हातारा शिंपी उकाड्यानं झोपेतच गेला, तेव्हापासून बाबांची झोप उडाली. रात्रभर खिडकीतून तिच्या गच्चीकडे बघत बसायचे. आमच्या दोन खोल्याही भट्टीच, तिला आणून काय करणार? थेटरात चल म्हटलं, तर म्हणाली, “फुकटची हवा खायला मी काही लाचार नाही.”

आत्यापुढे हट्टानंही हात टेकावेत. मग बाबांनी शक्कल लढवली.

“ताई, काम आहे तुझ्याकडे. माझी सुरुवात कायम हुकते. तू बघ आणि मला सांग.”

“काम असेल तर येते,” ती म्हणाली.

ती रोज येऊ लागली. शेवटची रांग, कडेची खुर्ची. दिवे गेले की तिची मान कलंडायची. बाबा येता-जाता तिच्या पोटावर बॅटरी मारायचे. पोट वर-खाली होताना दिसलं की पुढे सरकायचे. खेळ सुटल्यावर आत्या सुरुवात सांगायची. कधी त्यात बर्फात अडकलेली होडी असायची, कधी तळ्याकाठी वाळत घातलेले शेकडो शर्ट, एकालाही बटण नसलेले. सिनेमा रोज तोच, चोर-पोलिसांचा. बाबा गंभीरपणे मान डोलवायचे.

सगळ्यात वाईट दुपार आली, तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दिवे नुकतेच गेले होते. बाबांनी बॅटरी मारली, पण आत्याचं पोट हलतंय की नाही तेच कळेना. ते घाबरून वाकले.

“माझं चालू आहे रे,” आत्या डोळे मिटूनच म्हणाली. “बस इथे.”

“लोक यायचेत अजून.”

“त्यांना डोळे आहेत. बस.”

बाबा बसले. पडद्यावर नावं संपायच्या आत त्यांची हनुवटी छातीवर टेकली. आत्यानं त्यांच्या मुठीतून बॅटरी अलगद काढून घेतली.

मला हे नंतर तिनंच सांगितलं. “माझ्याहून धाकटा, पण तुझा बाप म्हातारा झालाय गं. सगळ्यांवर बॅटरी मारत फिरतो, त्याच्यावर कोण मारणार?”

खेळ सुटला तसे बाबा दचकून उठले.

“कशी होती सुरुवात?”

“मला कुठे दिसली?” आत्या म्हणाली. “मी तुझं पोट बघत होते.”